बिब्बा, बचनाग आणि मधला संस्कार

आले आणि सुंठ यांत फरक काय, असे विचारले तर आपल्या घरातील कोणतीही आजी क्षणात उत्तर देईल. आले ओले, सुंठ वाळलेली; आले चहात, सुंठ काढ्यात आणि बाळंतिणीच्या लाडवात. कंद एकच, तरी स्वयंपाकघराने त्याला दोन नावे, दोन डबे आणि दोन कामे दिली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही विभागणी अगदी योग्य आहे. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यामुळे येतो. आले वाळताना आणि तापताना जिंजेरॉलच्या काही रेणूंतून पाण्याचा अंश निघून जातो व शोगाओल नावाचे अधिक तिखट द्रव्य तयार होते. चीनच्या पारंपरिक वैद्यकातही ओले आले आणि सुंठ ही दोन स्वतंत्र औषधे मानली जातात. वनस्पती आणि औषध यांच्यामध्ये एक प्रक्रिया असते व ती बदलली की औषधही बदलते, हे हिमालयाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी प्रयोगशाळा येण्यापूर्वीच अनुभवाने ओळखले होते.

आयुर्वेदात या प्रक्रियेला संस्कार म्हणतात. विषारी द्रव्यांच्या बाबतीत शोधन हा शब्द रूढ आहे. चिनी वैद्यकात तिला ‘पाओझी’ असे नाव आहे. भिजवणे, उकळणे, वाफवणे, भाजणे, मध, मद्य किंवा व्हिनेगर घालून परतणे अशा अनेक कृती तिच्यात येतात. आपल्या जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी हळद पिकवणारा शेतकरी ओली हळकुंडे उकडतो, उन्हात वाळवतो आणि मगच बाजारात नेतो. तोही एक संस्कारच होय.

हा विषय आज घेण्याचे कारण वेगळे आहे. वयोवृद्ध रुग्णाला ‘सध्या कोणती औषधे सुरू आहेत?’ असे विचारले की रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची गोळी बरोबर सांगितली जाते. मग थोडे थांबून सोबत आलेला मुलगा किंवा सून म्हणते, ‘डॉक्टरसाहेब, बाकी काही नाही. थोडं गावठी घेतात, पण त्याचं काय सांगायचं?’ सांगायला हवे ते नेमके हेच असते. ‘गावठी’ या एका शब्दाखाली निरुपद्रवी सुंठही येते आणि हृदय बंद पाडू शकणारा बचनागही येतो. दोहोंमधील अंतर काय आहे, हे कुटुंबातील एका तरी माणसाला ठाऊक असले पाहिजे.

रानातला बिब्बा

आपल्या जिल्ह्याच्या रानांत बिब्ब्याचे झाड सर्वांच्या ओळखीचे आहे. बिब्बा, म्हणजेच भिलावा किंवा भल्लातक, हा आंबा, काजू आणि चारोळी यांच्याच कुळातील. खाली काळा कठीण बिब्बा आणि वर नारिंगी बोंड. बोंड पिकल्यावर वाळवून खातात. आतला गर म्हणजे गोडांबी. तिच्यावाचून थंडीतील लाडवांना पूर्णता येत नाही. मात्र या दोहोंच्या मध्ये, फळाच्या सालीत, एक काळे दाहक तेल असते. कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करण्यासाठी परीट हेच तेल वापरीत. बिब्बे फोडून गोडांबी काढणाऱ्या बायकांच्या हातांवर त्याचे काळे डाग आणि फोड दिसतात. मराठी भाषेनेही या फळाचा गुण नेमका टिपला आहे: एखाद्याने चांगल्या कामात विघ्न आणले की त्याने ‘बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो.

या तेलातील मुख्य द्रव्यांना भिलावनॉल म्हणतात. चीन आणि जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकापासून लाखेसारखे चकचकीत रोगण बनते, त्या चिकातील उरुशिओल हे द्रव्य भिलावनॉलचे जवळचे नातेवाईक आहे. दोहोंचाही रेणू त्वचेच्या स्निग्ध थरात सहज शिरतो आणि तेथील प्रथिनांना चिकटतो. मग शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच त्वचेला परके समजून तिच्यावर तुटून पडते. म्हणून पुष्कळदा त्रास लगेच दिसत नाही; एकदोन दिवसांनी खाज, सूज आणि पाणी भरलेले फोड येतात. एकदा बिब्बा ‘उतला’, की त्या माणसाला पुढे कच्च्या आंब्याच्या चिकाचा किंवा काजूच्या टरफलातील तेलाचाही त्रास होऊ शकतो.

चिनी वैद्यांनी त्या रोगणाच्या वाळलेल्या चिकाचाही औषधात वापर केला, पण तो कच्चा कधीच वापरला नाही. काळा धूर निघणे थांबेपर्यंत तो भाजायचा आणि मगच औषधात घ्यायचा, असा त्यांचा नियम आहे. आपल्याकडील वैद्यांनी बिब्ब्यासाठी निराळी वाट काढली. बिब्ब्याचे देठाकडील टोक कापायचे, तो काही दिवस गोमूत्रात व नंतर गाईच्या दुधात ठेवायचा, मग जाड कापडाच्या पिशवीत विटेच्या चुऱ्याबरोबर चोळायचा आणि शेवटी गरम पाण्याने धुवायचा. यामागचे रसायन सरळ आहे. भिलावनॉल पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून दुधातील स्निग्धांश त्याला ओढून घेतो. विटेचा चुरा सच्छिद्र असल्यामुळे उरलेले तेल शोषून घेतो. चुरा तेलकट झाला की तेल बाहेर आले, याची ती खूण असते.

दूध टाकायचे की प्यायचे?

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. शोधनासाठी वापरलेले दूध टाकून द्यायचे असते, कारण दाहक तेल त्यात उतरलेले असते. आपल्याकडील एक घरगुती उपाय याच्या अगदी उलट आहे. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायचा, त्याचे थेंब दुधात पाडायचे आणि ते दूध खोकल्यासाठी किंवा दम्यासाठी प्यायचे. म्हणजे जे टाकायला सांगितले आहे, तेच पोटात घ्यायचे! आयुर्वेदात भल्लातक दुधाबरोबर देतात हे खरे. पण ते शोधित असते, त्याची मात्रा ठरलेली असते, पथ्य ठरलेले असते आणि रुग्णाची प्रकृती पाहणारा वैद्य समोर असतो. त्यातील दूध तेवढे घरी आले आणि बाकी सारे मागे राहिले, तर त्याला आयुर्वेद म्हणता येणार नाही. अशा सेवनाने तोंड आणि घसा सोलवटणे, सर्वांगावर पुरळ उठणे, क्वचित मूत्रपिंडाला इजा होणे असे परिणाम होऊ शकतात.

दुसरा उपाय टाचेच्या भेगांत किंवा दुखऱ्या गुडघ्यावर बिब्ब्याचा चटका देण्याचा. तरुणपणी हे सोसलेले पुष्कळ लोक आज सत्तरीत आहेत आणि ‘तेव्हा काही झाले नाही’ हा त्यांचा दाखला असतो. परंतु मधल्या काळात त्यांच्यापैकी अनेकांना मधुमेह झालेला असतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते, रक्तपुरवठाही मंदावतो. चटका बसला तरी कळत नाही, फोड फुटला तरी दुखत नाही आणि जखम भरायला महिनोन्महिने लागतात. मधुमेही पावलावर बिब्ब्याने झालेली छोटी जखम बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून मधुमेही माणसाच्या पायाला बिब्बा कदापि लावू नये.

बिब्ब्याचे तेल अंगाला लागलेच, तर तो भाग ताबडतोब साबण आणि भरपूर साध्या पाण्याने धुवावा. नखांखालची जागा आणि कपडेही धुवावेत. फोड फोडू नयेत, त्यावर चुना, राख किंवा शेण लावू नये. चेहरा सुजला, डोळ्याला लागले, अंगभर पुरळ उठले किंवा लघवी कमी होऊ लागली, तर घरी थांबू नये. बिब्बा पोटात गेला असल्यास उलटी करवण्याचा प्रयत्न न करता रुग्णालय गाठावे.

बचनाग: उकळण्याचे महत्त्व

बचनाग, अर्थात वत्सनाभ, आपल्या रानात उगवत नाही. हिमालयातील ही कंदवनस्पती काष्ठौषधीच्या दुकानातून आपल्यापर्यंत येते. तिच्यातील ॲकोनिटीन हे अल्कलॉइड इतके तीव्र आहे की शुद्ध स्वरूपात सुमारे २ मिलिग्रॅम इतकी मात्राही प्राणघातक ठरू शकते. हृदयाच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियम आत येण्याची सूक्ष्म दारे असतात. ॲकोनिटीन ती दारे उघडी ठेवते, त्यामुळे हृदयाची लय विस्कटते. प्रथम ओठ आणि जीभ यांना मुंग्या येतात, मग हातपाय बधिर होतात, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, छातीत धडधड सुरू होते. हे सारे काही मिनिटांत किंवा एकदोन तासांत घडू शकते. या विषावर उतारा नाही. अतिदक्षता विभागात हृदयाची लय सांभाळणे हाच उपचार आहे.

असे असूनही भारत आणि चीन या दोन्ही देशांत या वनस्पतीच्या प्रजाती औषधात वापरल्या जातात. ते शक्य होते ते केवळ प्रक्रियेमुळे. ॲकोनिटीनच्या रेणूला दोन एस्टर बंध असतात. पाण्यात दीर्घकाळ उकळल्यावर त्यांतील एक बंध तुटतो आणि बेंझॉइलॲकोनीन हे शेकडो पटींनी सौम्य द्रव्य बनते. दुसराही बंध तुटला की ॲकोनीन हे आणखी सौम्य द्रव्य उरते. चीनच्या अधिकृत औषधसंहितेत तिकडच्या एका बचनागाच्या कंदासाठी आधी भिजवणे आणि मग ४ ते ६ तास उकळणे किंवा ६ ते ८ तास वाफवणे असा दंडक आहे. आपल्याकडे वत्सनाभ गोमूत्रात भिजवून, कापडात बांधून, दुधात टांगता ठेवून शिजवतात. पद्धती दोन, पण काम एकच.

वेळ आणि पाणी यांत काटकसर झाली तर काय होते, याचे उत्तर चीनच्या युन्नान प्रांतात मिळते. तेथे थंडीत शक्तिवर्धक म्हणून बचनागाचा कंद घरीच रस्श्यात शिजवण्याची जुनी रीत आहे. पुरेसे न उकळलेले असे जेवण जेवून एकाच घरातील अनेकांना विषबाधा झाल्याच्या घटना तिथे घडतात. मद्यात कंद मुरवून पिणे तर त्याहून घातक, कारण मद्य विष बाहेर काढते, पण त्याचे बंध तोडीत नाही. ज्या समाजाला प्रक्रियेचे ज्ञान हजारो वर्षांपासून आहे, तेथेही घरगुती घाई जिवावर बेतते. आपल्याकडे थंडीत ‘ताकदीचे’ म्हणून कोणी कसला कंद आणून दिला, तर हे आठवावे.

आपल्या घरांत बचनाग दोन वाटांनी येतो. त्रिभुवनकीर्ती रसासारख्या ताप-सर्दीवरील कल्पात शुद्ध वत्सनाभ असतो. सांधेदुखीवर चोळायच्या विषगर्भ तेलातही तो असतो. त्या तेलाच्या नावातच इशारा आहे. वैद्यांनी दिलेल्या मात्रेत या औषधांना स्थान आहे. पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून आपण गोळ्या आणणे, एकाऐवजी तीन घेणे, तेल कापलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर चोळणे, तेलाची बाटली देवघरातल्या तेलाशेजारी किंवा नातवंडांच्या हाताशी ठेवणे, हे धोक्याचे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘ई (१)’ मध्ये आयुर्वेदिक औषधांतील विषारी द्रव्यांची यादी दिलेली आहे. भल्लातक आणि वत्सनाभ दोन्ही तिच्यात आहेत. अशी द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना इंग्रजीत व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ती अक्षरे बारीक असतात. ती वाचून दाखवणे हे घरातील तरुणांचे काम आहे.

उष्णता औषध घडवते, तशी बिघडवतेही

येथवर वाचून ‘जास्त उकळले म्हणजे जास्त सुरक्षित’ असे कोणाला वाटेल. ते सर्वत्र लागू पडत नाही. मलेरियावरील आजचे महत्त्वाचे औषध आर्टेमिसिनिन हे चीनमधील चिंगहाव या वनस्पतीतून मिळाले. १९७१ च्या सुमारास संशोधिका तू यूयू यांच्या गटाला तिच्या अर्काचा गुण कधी दिसे, कधी दिसत नसे. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घेण्यास सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. त्यावरून तू यूयू यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला, आणि गुण टिकला. आर्टेमिसिनिनच्या रेणूतील पेरॉक्साइडचा नाजूक बंध हेच त्याचे बळ आहे आणि अधिक उष्णता त्याला सोसत नाही. या कार्यासाठी २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फॅल्सिपेरम मलेरियावर आपल्या सरकारी दवाखान्यांत आर्टेमिसिनिनपासून बनवलेले औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिले जाते, ते याच शोधाचे फळ. म्हणजे प्रत्येक वनस्पतीचा संस्कार निराळा असतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

संस्काराआधीची पायरी: ओळख

वनस्पतीच चुकीची असेल तर उत्तम प्रक्रियेचाही उपयोग नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे मूळ गेले. त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अनेकींना डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण करावे लागले आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

आपल्याकडील उदाहरण गुळवेलीचे आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या प्रजातीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. हा वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून आपल्यासाठी एकच बोध निघतो: कुंपणावरची वेल तोडून, ओळख न पटवता, प्रमाण न ठरवता, महिनोन्महिने काढा पिऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर काढा थांबवून यकृताची तपासणी करावी.

शुद्ध, तरीही औषधच

वनस्पती ओळखीची आहे, प्रक्रियाही योग्य झाली आहे. मग निर्धास्त राहावे काय? ज्येष्ठमधाचे उदाहरण पाहावे. चिनी वैद्यकात तो मधात परतून वापरतात आणि तेथील बहुसंख्य काढ्यांत तो असतोच. आपल्याकडे खोकल्यासाठी आणि आम्लपित्तासाठी तो घरोघरी आहे. अधूनमधून चघळलेली कांडी निरोगी माणसाला त्रास देत नाही. परंतु रोज, अधिक प्रमाणात आणि अनेक आठवडे घेतल्यास त्यातील ग्लिसरायझिन शरीरात मीठ व पाणी साठवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचे पोटॅशियम आधीच उतरलेले असू शकते. त्यात डिगॉक्सिन चालू असेल, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. औषधे चालू असूनही आजोबांचा रक्तदाब आटोक्यात येत नसेल आणि पायांवर सूज असेल, तर गोळी बदलण्याआधी ज्येष्ठमधाची विचारपूस जरूर करावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

१. घरातील ज्येष्ठांच्या सर्व औषधांची एकच वही करावी. चूर्ण, काढा, आसव, तेल, वैदूने दिलेली पुडी, सारे तीत लिहावे.

२. ही वही डॉक्टरांनाही दाखवावी आणि वैद्यांनाही. दोघांपैकी कोणापासूनही काही लपवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना तर हे अत्यावश्यक आहे.

३. बिनलेबलची पुडी किंवा गोळी घेऊ नये. लेबलवर घटकांची नावे, परवाना क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख असावी.

४. बिब्बा, बचनाग, कुचला, गुंज, धोतरा यांचे शोधन घरी करू नये. ते प्रशिक्षित वैद्यांचे आणि परवानाधारक औषधनिर्मात्यांचे काम आहे. गोडांबी खायची असल्यास सोललेली, स्वच्छ आणि तेलाचे काळे डाग नसलेली घ्यावी.

५. औषध घेतल्यावर ओठांना मुंग्या, बधिरपणा, वारंवार उलट्या, धडधड किंवा चक्कर जाणवली, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. घेतलेल्या औषधाची बाटली किंवा पुडी बरोबर न्यावी. ती उपचार करणाऱ्यांना पुष्कळ वेळ वाचवून देते.

६. घरातील ज्येष्ठ काही गावठी घेत असतील तर त्यांना रागावू नये. रागावले की ते घेणे थांबत नाही, फक्त सांगणे थांबते.

आपल्या रानाने आणि आपल्या वैद्यांनी दिलेला ठेवा मोठा आहे, आणि त्यातला मोलाचा भाग म्हणजे कोणते द्रव्य कसे, किती वेळ आणि कोणत्या पदार्थाबरोबर शुद्ध करायचे याचे ज्ञान. त्या ज्ञानाचा मान राखायचा तर झाडावरचा बिब्बा थेट चुलीवर किंवा दिव्यावर धरू नये. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा गोळ्यांच्या पिशवीत घरातील चूर्णाची डबी आणि तेलाची बाटलीही घालावी.